काढून टाकलेला उंबरा

सासूबाई खडकीच्या घरात मोरीपाशी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "आता पुन्हा पडल्या तर उठतील याची खात्री मी देणार नाही." बस. एवढ्या एका वाक्यावर आमच्या कात्रजच्या फ्लॅटची तोडफोड सुरू झाली. सासरे गेल्यापासून त्या खडकीला एकट्याच राहायच्या. दवाखान्यातल्या पलंगावरूनही त्यांचं एकच चाललं होतं, "चालायला लागले की मी माझ्या घरी जाणार. तुम्हाला उगाच कशाला त्रास?" आम्ही सगळे हो हो म्हणत होतो.

नवरा रजा काढणार होता. काढणारच होता. पण हिंजवडीच्या ऑफिसात नेमकं तेव्हाच काहीतरी अडलं, आणि गवंडी, प्लंबर, सुतार सगळे माझ्या गळ्यात पडले. मीही साठीला टेकलेली बाई आहे, माझेही गुडघे कुरकुरतात, हे कुणाच्या गावीही नव्हतं. बाथरूमच्या गुळगुळीत फरश्या उखडून खरखरीत बसवल्या. कमोडच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या दांड्या लावल्या. पलंगाला कठडा केला, हॉलमधला गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला. नणंद रोज फोनवर नवीन काहीतरी सुचवायची. "वहिनी, आईच्या उशाशी बेल पण लाव हं." लाव हं म्हणे! लावली बेल. घरात धूळ इतकी की पोहे खाताना दाताखाली कचकच लागायची.

सगळं झालं आणि राहिला उंबरा. आमच्या मुख्य दाराला काळ्या दगडाचा होता, चांगला उंच. सासूबाई गौरींना आमच्याकडे यायच्या, तेव्हा सकाळी आंघोळ झाली की आधी त्यावर हळदकुंकू वाहायच्या आणि मगच चहाला बसायच्या. मी स्वतः कधी त्या भानगडीत पडले नाही. मला तो फक्त ठेच लागायची जागा म्हणून दिसत होता. गवंडी हातोडा घेऊन थबकला. "ताई, उंबरा काढायचा? घरातल्या मोठ्या माणसांना विचारलंय ना?"

"मोठ्या माणसांसाठीच चाललंय हे सगळं," मी म्हटलं. "फोडा."

फोडला. त्या जागी सपाट फरशी बसली आणि मला, खरं सांगते, अगदी हायसं वाटलं.

त्या आल्या त्या चाकांच्या खुर्चीतून. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नवऱ्याने खुर्ची सर्रकन आत आणली. "बघ, कुठे धक्कासुद्धा लागला नाही," तो म्हणाला. जसं काही ह्यानेच बसवली होती फरशी.

पुढचे आठवडे कसे गेले ते माझं मला ठाऊक. वॉकर धरून त्या घरातल्या घरात चालायच्या, मी मागे. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी मी हातातलं टाकून धावायचे. त्या तशा कटकट करणाऱ्या नव्हेत, उलट फारच शहाण्यासारख्या वागत होत्या, आणि त्याचाच मला वैताग यायचा. "इथे चहा किती वाजता देतात गं?" असं विचारायच्या. अहो, देतात काय, मागा की!

मग डॉक्टरांनी खाली सोसायटीच्या बागेत फिरायला परवानगी दिली. सकाळची वेळ होती. त्यांनी चांगली साडी नेसली, केस नीट केले. आम्ही दारापर्यंत आलो आणि तिथे त्यांनी वॉकर अधांतरी उचलला, पलीकडे टेकवला आणि मग पाय उचलला, हा एवढा उंच. खाली ओलांडायला काही नव्हतंच. तोल गेला. मी मागून त्यांना कवेत धरलं आणि दोघी तशाच खाली बसलो.

लागलं कुठे नाही. "अहो आई, एवढा उंच पाय कशाला उचललात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"उंबरा आहे ना इथे." त्यांनी हाताने फरशी चाचपली.

"होता. काढला तो. तुम्ही अडखळाल म्हणून."

त्या जराही रागावल्या नाहीत. "तरीच," म्हणाल्या. "मला इतके दिवस वाटतंय, आपला दवाखानाच बदललाय फक्त. त्याच दांड्या, तोच कठडा, तीच बेल. आणि दाराला उंबरा नाही."

मला एकदम रडू आलं. हाडांची काडं करून हे उभं केलं होतं मी. "असं काय बोलता आई? घर आहे हे."

"घरच आहे की. तुमचं." पदराने त्यांनी माझा गाल पुसला. "रडू नकोस. तू दमतेस, ते दिसतं मला. म्हणून तर विचारते, आता मी चालतेय ना? मग मला घरी कधी सोडताय?"

खडकीच्या घराची किल्ली नवऱ्याने मागच्याच आठवड्यात भाडेकरूच्या हातात दिली होती. त्यांना हे अजून कुणीच सांगितलेलं नव्हतं. नवरा सांगणार नव्हता, नणंद तर नाहीच नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.