बारक्या तारांचा आवाज

ज्या वर्षी मी फौंड्रीतून निवृत्त झालो, त्याच वर्षी मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. तिची कॉलेजातली गिटार आमच्या भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरी मागे राहिली. मान उखडलेली, तीन तारा तुटलेल्या. मी पॅटर्नमेकर. लोखंडाचा जो भाग ओतायचा असेल त्याची आधी लाकडात हुबेहूब प्रतिकृती करायची, हे माझं काम. मोडलेलं लाकूड समोर पडलेलं मला बघवत नाही. एका सकाळी पटाशीनं मी त्या गिटारीचं पोट उघडलं आणि बघतच राहिलो. इतका आवाज काढणाऱ्या वस्तूच्या आत काहीतरी असेल, अशी माझी समजूत होती. आत काहीच नव्हतं. पातळ प्लायवूड, चार-सहा काड्या आणि रिकामी जागा.

ती जोडायचं सोडून मी नवीनच करायला घेतली.

घरामागे टिनाच्या छपराखाली माझं सुतारकामाचं टेबल आहे. भिलाई-3 च्या एका भंगारवाल्याकडे परदेशी यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या मिळाल्या. हलक्या, पांढुरक्या, केसांसारख्या सरळ रेषांच्या. त्यातून गिटारीची वरची फळी काढली. पाठ आणि बाजू शिसमच्या, मान शिवणीची. मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकत गेलो. बाजूची पट्टी ओली करून तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवावी लागते. पहिल्या तीन पट्ट्या कट्‌कन मोडल्या. चौथी वाकली तेव्हा ती तशीच गरम गरम घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला दाखवून आलो.

व्हिडिओतला माणूस वरची फळी दोन बोटांत धरून तिला टिचकी मारायचा, कानाशी न्यायचा, आणि त्याचा चेहरा उजळायचा. मला मात्र तो आवाज दारावर थाप पडल्यासारखा वाटे. मोबाइलचा स्पीकर गेला असेल, म्हणून सोडून दिलं. माझ्या फळीचाही तसाच थप्प आवाज येई. जाडी मोजायच्या व्हर्नियरनं मापं तर बरोबर दाखवली होती.

सात महिन्यांनी गिटारीवर तारा चढल्या. मुलीनं फोनवर सांगितलं तसं अ‍ॅप बघून सूर लावला. जाड तारा छेडल्या तर चांगला घुमारा आला. मग बारक्या दोन. सुतळीवर बोट मारावं तसं झालं. टुप्. पुन्हा छेडल्या, पुन्हा टुप्. सात महिन्यांची मेहनत आणि दोन तारा मुक्या!

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. वैशाली नगरच्या बुद्धविहारात बायकांचं गाण्याचं मंडळ आहे. पहिला सूर हीच धरते, मग बाकीच्या उचलतात. ती म्हणाली, "बाई, किती गोड वाजते जी!"

मला वाटलं, माझं मन राखायला बोलते आहे. मी चिडून म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं?"

ती आत गेली.

मग मी ती गिटार सुधारायला लागलो. तारा काढायच्या, मधल्या गोल भोकातून हात घालायचा, आतल्या काड्या कानशीनं थोड्या उतरवायच्या, पुन्हा तारा चढवायच्या. टुप्. काड्या आणखी उतरवल्या. टुप्. मग वरची फळीच घासायला घेतली. आठ दिवस हेच चाललं. बायको दारातून बघायची आणि निघून जायची.

नवव्या दिवशी दुपारी सूर लावताना शेवटची खुंटी पिळली आणि टिनाखाली फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. तारा जिथं अडकवतात ती घोडी फळीचा टवका घेऊन उखडली, माझ्या गालाला चाटून गेली, आणि घासून घासून पातळ झालेली वरची फळी आत धसली. माझ्या मांडीवर गिटार नव्हती, फुटलेला माठ होता.

बायको धावत आली. तिला वाटलं होतं कुकर फुटला. तिनं आधी गाल बघितला, मग गिटार बघितली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इतकी चांगली वाजून राहिली होती, कावून मोडली जी?"

"कुठं वाजून राहिली होती? बारक्या तारा तर मुक्याच होत्या ना!"

"मुक्या?" ती माझ्याकडे बघत राहिली. "अजी, त्याच तर सगळ्यायहून गोड होत्या. मी आतमंदून आइकत होते ना."

मग ती उठली, कपाटातून ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर घेऊन आली आणि काखेत धरून माझ्यासमोर बसली. मला वाटलं, माझ्यामुळे हिलाच काहीतरी झालं. मिनिटभरानं तिनं बोट वर केलं.

"वाजून राहिलं."

"काय?"

"हे. आता. टीं टीं टीं."

मी हसलो. ते थर्मामीटर वाजतं हेच मला ठाऊक नव्हतं. ते घरात आल्यापासून मी आकडा थांबेपर्यंत डोळ्यांनीच बघत आलो होतो. तिनं बटण दाबून ते पुन्हा काखेत लावलं आणि वाजायला लागताच माझ्या कानाला टेकवलं. तिचे ओठ माझ्यासमोर टीं टीं टीं करत होते. कानाला प्लॅस्टिकचा गार स्पर्श कळला. आवाज नव्हता. जरासुद्धा नव्हता. माझं हसू तोंडावरच राहिलं.

दोन दिवसांनी दुर्गला कानाच्या दवाखान्यात गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी पटापट दाबत होतो. जाड घुमणारे आवाज, मग त्याहून बारीक. मग शांत झालं. मला वाटलं तपासणी संपली. पण काचेपलीकडची मुलगी अजून बटण फिरवत होती, माझ्या हाताकडे बघत होती आणि कागदावर लिहीत होती. पुन्हा फिरवत होती, पुन्हा लिहीत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या कानांत या क्षणी आवाज चालू आहेत. खोटं बटण दाबावं, असंही एकदा मनात आलं.

बाहेर आल्यावर तिनं कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, आणि मग विहिरीत पडावी तशी खाली. तिनं विचारलं, "बाबूजी, मशीन के पास काम करते थे क्या?"

शेवटची बारा वर्षं मी पॅटर्नवर नव्हतो. पॅटर्न बाहेरून यंत्रावर कापून यायला लागले होते, आणि मला ओतलेल्या तुकड्यांवर चिकटलेलं जास्तीचं लोखंड हवेच्या दाबावर धडधडणाऱ्या छिन्नीनं उडवायच्या कामाला लावलं होतं. कानात घालायला रबरी बोळे मिळत. घामानं ते घसरत, म्हणून मी ते खिशात ठेवायचो. कुणी सांगितलं तर म्हणायचो, सवय झाली आहे. बहिरा माणूस म्हणजे ज्याला हाका मारूनही कळत नाही तो, असं मी समजत होतो. मला तर कळत होतं. काय कळत नव्हतं, ते कळायला मार्ग नव्हता.

ऑटोनं घरी आलो. बायकोनं चहा केला. मग एकदम म्हणाली, "म्हणजे तुमाले आइकूच येत नव्हतं?"

"बारीक आवाज येत नाही म्हणते ते पोरगी."

"मले वाटे, तुम्ही आइकून न आइकल्यासारखं करता."

"कधीपासून?"

तिनं कप खाली ठेवला. "माय बिमार होती तवा मी तुमाले दोनदा पुसलं. 'माय बोलावून राहिली, चार दिवस गोंदियाले जाऊ का?' एकदा भांडे घासता घासता. एकदा तुम्ही पेपर वाचत बसले होते तवा. तुम्ही मानही वर केली नाही. मी म्हटलं, यायले पसंत नाही."

त्याच महिन्यात सासूबाई गेल्या, त्याला आता सहा वर्षं झाली. आम्ही मातीलाच पोचलो होतो. तेव्हा बायको कित्येक दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हती, आणि ते दुःख आहे असं मी धरून चाललो होतो.

"मंग तिसऱ्यांदा कावून नाही पुसलं?"

"तीनदा भीक मांगते का जी कोणी?"

गिटार फुटली तेव्हा मी हादरलो होतो, काचेच्या खोलीत हादरलो होतो, पण हे वेगळंच होतं. सहा वर्षं एका घरात, एका ताटाजवळ बसून ही बाई मला असा माणूस समजत होती. आणि तरी मी निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी जेवायला हाक मारायला टिनाखाली येत होती. माफी मागितली तर कशाची? मी केलेलं काहीच नव्हतं, आणि झालेलं तर सगळं होतं. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो. तिनं उठवलं नाही.

कानाचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकची पिशवी चुरगळली तर मी दचकलो. कढईत मोहरी तडतडते, हे विसरूनच गेलो होतो.

गिटारीचे तुकडे मी चुलीत घालायला काढले होते. बायको म्हणाली, "दुसरी बनवा. हात तुमचे, कान माहे."

दुपारी ती टेबलाशेजारी मेथी निवडत बसायची. मी फळीवरून रंधा फिरवायचो, टिचकी मारायचो आणि तिच्या तोंडाकडे बघायचो. ती मान हलवायची. "अजून नाही. पोट जड आहे तिचं." मी आणखी उतरवायचो. एका दुपारी ती म्हणाली, "थांबा. आता हात लावू नका."

"अवो, माप अर्धा मिलिमीटर जास्त दाखवून राहिलं."

"दाखवू द्या."

तीस वर्षं मापाबाहेर काही केलेलं नव्हतं. आमचं चांगलंच भांडण झालं. शेवटी रंधा खाली ठेवला.

दुसऱ्या गिटारीच्या तारा चढल्या तेव्हा मी यंत्र लावून बारकी तार छेडली. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी ती कानात घुसली. गोड की कसली, मला आजही सांगता येणार नाही. बायकोनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "चांगली आहे. पण पहिली याच्याऊन गोड होती."

मला धक्काच बसला. पण खोटं बोलायची तिला सवय नाही, हे तोवर मला समजलेलं होतं.

परवाच्या रविवारी तिनं ती गिटार विहारात नेली. तिला वाजवता येत नाही. मांडीवर आडवी धरून, एका तारेवर सूर धरायचा, इतकंच. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. पंखे चालू होते, कानातल्या यंत्रात त्यांचीच घरघर, तार काही ऐकू आली नाही. तिचं बोट हललं, आणि पुढच्या क्षणी सगळ्या बायकांनी एकदम गाणं उचललं.