आईचा व्हिसा जिवंत ठेवताना

माझ्या आईला दर सहा महिन्यांच्या आत एकदा दुबईत पाऊल टाकावं लागतं. तिचा रेसिडेन्स व्हिसा माझ्या नावावर आहे, आणि एकशे ऐंशी दिवसांहून जास्त बाहेर राहिलं की तो निकालात निघतो. इथल्या घरांत याला 'व्हिसा जिवंत ठेवणं' म्हणतात. आईबापांची औषधं विसरणारी मुलंही ही तारीख विसरत नाहीत. मी तर अजिबात विसरत नाही.

गेल्या वर्षी तिनं पहिल्यांदा कुरकुर केली. सत्तरी ओलांडल्यावर साताऱ्यात तिनं पेटीचा क्लास लावला होता, आणि पहिली परीक्षा माझ्या तारखेनंतर दहा-बारा दिवसांनी होती. "परीक्षा देऊन येते," म्हणाली. मी फोनवरच उखडलो. "आई, हे काय वय आहे का परीक्षेचं? व्हिसा गेला तर पुन्हा टायपिंग सेंटरात जाऊन अर्ज, पुन्हा मेडिकल, सगळं पहिल्यापासून!" ती आली. परीक्षा बुडाली. माझ्यापुरता विषय संपला.

तिच्यापुरता संपला नव्हता. जुमेरा लेक टॉवर्समध्ये सत्ताविसाव्या मजल्यावरच्या आमच्या घरात ती आली की चौथ्या दिवसापासून सातारा सुरू व्हायचा. क्लासच्या बायका, त्यांचा चहा, सरांनी दिलेला नवा राग. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, इथे मुलगा, सून, दोन नाती, एसी, लिफ्ट, तरी हिचं मन तिकडेच. चिकटून बसलीय नुसती, आणि वर हट्टी, असं मी बायकोला रोज ऐकवायचो. बायको एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "चिकटून कोण बसलंय ते एकदा नीट बघ." मला वाटलं, सासूची बाजू घेतेय.

महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी दुबईतल्या करामा भागात आमचा वाचनगट जमतो. दहा-बारा मराठी माणसं, कुणाच्या तरी हॉलमध्ये, वडे आणि चहा. त्या महिन्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कथा घ्यायचं ठरलं होतं आणि पाळी माझी होती. या कथांमधली माणसं गेलेल्या दिवसांना धरून बसतात आणि त्यापायी जिवंत माणसांचे हाल करतात. मी वाचत गेलो आणि मला पानोपानी आई दिसू लागली. एक कथा निवडून आठवडाभर जागून मराठीत उतरवली. हेतू साहित्यसेवेचा नव्हता. लेकी बोले सुने लागे, तसं मला गटाला ऐकवून आईला लावायचं होतं. बायको यायचीच, या वेळी आईलाही मुद्दाम बरोबर नेलं.

कथा साधी होती. लहान गावात एकटी राहणारी आत्या, तिच्या परसात पीचची जुनी झाडं. तिथून रस्ता जायचा आहे, रस्ता आला की गावात दवाखाना येणार आहे. आत्या झाडं तोडू देत नाही. शहरातला भाचा दर उन्हाळ्यात येतो, तिची समजूत घालतो, पीचच्या मुरंब्याच्या बरण्या गाडीत भरतो आणि परत जातो. शेवटी रस्ता दुसऱ्या गावावरून जातो आणि आत्याचं गाव मागं पडतं.

मी अगदी आवाज लावून वाचलं. चर्चा मला हवी तशी झाली. "टिपिकल ओल्ड जनरेशन, यार," एक जण म्हणाला. "लेट गो करताच येत नाही यांना. सेल्फिश आहे बाई," दुसरी म्हणाली. मी मान डोलावत होतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आईकडे बघत होतो. ती शांतपणे वडा खात होती.

यजमानीणबाईंनी विचारलं, "काकू, तुम्हाला कशी वाटली गोष्ट?"

आईनं हात पुसले. "मला बाई त्या भाच्याचा राग आला."

"भाच्याचा?"

"मग काय! झाडं तोड म्हणतो आणि बरण्या भरून नेतो. एका तरी उन्हाळ्यात म्हणाला का, आत्या, यंदा मुरंबा नको? तेवढं म्हणाला असता तर तिनं आपणहून कुऱ्हाड काढून दिली असती. दरवर्षी तेच ढवळून ती नसेल कंटाळली?"

सगळे हसले. मी हसलो नाही. त्या कथेचा शब्द न् शब्द मी मराठीत आणला होता, आणि त्या बरण्यांपाशी मी क्षणभरही थांबलो नव्हतो. स्वतःचाच इतका संताप आला की चहा तसाच टाकून मी निघायची घाई केली.

गाडीत मी म्हणालो, "टोमणा मारलास ना मला?"

"तू काय ओवाळत होतास का मला?" आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आता निघालाच आहे विषय तर सांगते. मी येताना आणते ना, ती थालीपिठाची भाजणी मी घरी करत नाही. तीन वर्षं झाली. आमच्याकडच्या बचत गटाच्या बायकांकडून विकत आणते आणि डब्यात ओतते."

मला खरंच स्टिअरिंग घट्ट धरावं लागलं. रोज सकाळी मी डोळे मिटून ते थालीपीठ खात होतो. "ही बघा आजीच्या हातची चव," असं मुलींना सांगत होतो. त्या "ओके बाबा" म्हणून सीरिअल खायच्या. एकदा तर बायकोसमोर माझ्या डोळ्यांत पाणीही आलं होतं.

"तुला माहीत होतं?" मी आरशातून बायकोला विचारलं.

"पाकीट मीच फेकते," ती म्हणाली.

"अगं, मग आई, सांगायचं नाही का?"

"तू एवढा खूश व्हायचास. म्हटलं, असू दे," आई म्हणाली. "पण पुढच्या परीक्षेला मी तिकडेच राहणार हं. व्हिसा गेला तर गेला. खलास." हा शब्द असा अरबी झटक्यात म्हणायला ती खालच्या ग्रोसरीवाल्याकडून शिकली होती.

"बरं," मी म्हणालो. त्या संध्याकाळी ते मी मनापासूनच म्हणालो होतो.

आई गेली. दिवस भरत आले आणि परीक्षा पुन्हा तारखेच्या पलीकडे पडली. मला सगळं कळलेलं होतं, हाच तर वैताग आहे. न कळता केलं असतं तर निदान बावळट म्हणून सुटलो असतो. मी स्वतःला कारणं दिली: तिचा इन्शुरन्स, तिचं वय, तिकडे एकटीला काही झालं तर. एकही कारण खोटं नव्हतं आणि एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की ती इथे आली की मी पुन्हा कुणाचा तरी लहान मुलगा होतो, आणि ते मला सोडवत नव्हतं. मी तिला न विचारता तिकीट काढलं. मग फोन केला आणि म्हणालो, "ये गं. मला करमत नाही." या वाक्यापुढे ती नाही म्हणू शकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तिनं कधीचं तिकीट आहे ते विचारलं. "बरं, येते," म्हणाली.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे टेबलाशी बसलो होतो. धाकटीनं शाळेचे बूट घालता घालता विचारलं, "आजी, हाऊ वॉज युअर एक्झाम?"

मला वाटलं, आता आई बोलणार, आणि बोलावंच तिनं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मग नातीला म्हणाली, "परीक्षाच रद्द झाली गं बाळा. सर आजारी पडले."

"ओह. सो सॅड," धाकटी म्हणाली.

आणि मी आईला खोटं पाडलं नाही.