पाटात सोडलेली अमरवेल

मंडळी, चावडीच्या ह्या फळ्यावर आज बाजारभाव न्हाई, माझा राग लिहितोय. उद्यापर्यंत कुणी पुसू नका.

सकाळी पाण्याची पाळी माझी होती. लसूणघासाला पाणी लावलं, तर पाटातून पिवळ्या दोऱ्यांचे पुंजके येऊन वाफ्यात अडकले. अमरवेल! दोन सालांमागं, बहात्तरच्या दुष्काळात जगवलेली माझी म्हैस ह्याच घासावर हाय.

पाटानं वर गेलो. शेजारचे तात्या आपल्या घासातली वेल ओरबाडून पाण्यात सोडत होते, वर हात जोडत होते.

"आवं तात्या, हे काय?"

"वाहत्या पाण्यात सोडली. गेली पीडा!"

"गेली कुठं? माझ्या रानात आली की!"

ह्या वेलीला मूळ लागत न्हाई. बोटभर तुकडा घासाला चिकटला की रस पिऊन पसरतो. वेल लागलेला घास कापून जाळायचा, हे तात्यांना ठाऊक हाय. पण स्वतःचा घास जाळायला जीव होत न्हाई, दुसऱ्याचा गेला तर चालतो!

दुपारभर आमी नवराबायकोनं वेल गोळा केली. बांधावर ढीग पडलाय.

माझ्या खालचं रान तात्यांच्या लेकीचं, गावातच दिलेली. आता तुमीच सांगा, हा ढीग पेटवू, का मी बी हात जोडून पाटात सोडू?