लाल गाडीच्या मागं चाळीस किलोमीटर

बहिणीचं जवळजवळ ठरलेलं लग्न सख्ख्या भावानं कसं मोडायला काढावं, हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याजवळ बसा. चहा घ्या, घाई नाही. आता मी हे शांतपणे सांगतो. तेव्हा मात्र घरात मला चहासुद्धा कुणी विचारत नव्हतं.

आमचं इकडं सीमाभागात, शहापुरात, साड्यांचं दुकान. दुकानात दिवसभर टीव्ही चालू. आणि टीव्हीवर आठवड्यातनं दोनदा तरी तीच बातमी! जमिनीला टेकलेली एक गाडी, तिच्याभोवती लाल गोल, मागं सायरनचं म्युझिक, आणि वर अक्षरं: 'बड्या बापाच्या लाडक्याचा थरार!' गाडी कुणाची, चूक कुणाची, हे कळायच्या आत जाहिरात लागते. पण माझं मत पक्कं झालेलं. असली गाडी म्हणजे असला माणूस. संपलं!

आणि नेमकं माझ्या धाकट्या बहिणीला, शिल्पाला, बघायला निपाणीचा मुलगा आला तो असल्याच गाडीतनं.

लालभडक, दोनच दारं, मागं भला मोठा पंख. आमच्या बोळात ती शिरली तेव्हा समोरच्यांच्या भिंतीवरची मांजर पळाली ती दोन दिवस आली नाही. मुलगा उतरला. अभिजित नाव, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इंजिनियर. पोहे खाल्ले, खाली मान घालून बोलला, आईच्या पाया पडला. शिल्पाला पसंत, आईला पसंत.

मला? मला गाडी दिसत होती.

"गाडी लई पळती वाटतं?" मी विचारलं.

"पळती की," तो म्हणाला. "जुनी घेतली. दोन वर्षं दर रविवारी इंजिन खोलून मीच बसवली."

म्हणजे बघा! पळती, हे स्वतःच्या तोंडानं कबूल!

तो निघाल्यावर मी शिल्पाला म्हणालो, "हा पोरगा न्हाय चालायचा. एखाद्या दिवशी बातम्यात दिसंल."

"अण्णा, तू त्याला चालवताना बघितलास काय?"

"बघतो की!"

असं म्हणून मी आमची माल न्यायची जुनी व्हॅन काढली. निपाणीला पार्सल द्यायचंय, अशी थाप मारली आणि त्याच्या मागं लागलो. दुपारचे चार वाजले होते. पुरावा घ्यायचा, घरी दाखवायचा, विषय मिटवायचा. साधा बेत!

हायवेला लागलो. मी दम धरून बसलो, आता पळवतो बघा. कसलं काय! डाव्या बाजूनं, पंचावन्नच्या वेगानं, सरळ रेषेत. काकती गेलं, पंचावन्न. यमकनमर्डी गेलं, पंचावन्न. दुधाचा टेम्पो त्याला मागं टाकून गेला. लग्नाची वऱ्हाडी बस गेली, बायका खिडकीतनं त्या गाडीकडं बघून हसत होत्या. एखाद्या रिकाम्या वळणावर, कुत्रंसुद्धा नसताना, हा इंडिकेटर देतो!

मी एका हातात फोन धरून व्हिडिओ काढत होतो. व्हय, गाडी चालवताना. मला माहीत आहे. गप ऐका.

संकेश्वरच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललेलं. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. अभिजितनं मागचे दिवे लुकलुकवले, हळूहळू थांबला. मी तेव्हा कुठं बघत होतो? फोनमध्ये. चित्र नीट येतंय का ते.

धाड्!

त्याचा पंख माझ्या काचेवर येऊन बसला.

तो पळत आला. "अण्णा? तुम्ही? लागलं काय कुठं?"

मला काही झालं नव्हतं. तोवर गर्दी जमली. आणि गर्दीचा निकाल बघा: मागनं धडक दिलेली व्हॅन माझी, पण सगळे बोट दाखवतात त्याच्याकडं!

"असल्या गाड्या घेतल्या की टाळक्यात वारं शिरतंय!"

"बापाचा पैसा, दुसरं काय!"

म्हातारी बिचारी भाऱ्यासकट ओरडत होती, "अरं, त्या पोरानं माझ्यासाठी गाडी थांबवली रं!" पण म्हातारीचं कोण ऐकतंय?

एवढ्यात कुठनं तरी एक माइकवाला उगवला. मोबाईलवर बातम्या दाखवणारा असावा. त्यानं म्हातारीला बाजूला सारलं आणि माइक माझ्या नाकाखाली धरला. "भाळ स्पीड इत्तेन री?" म्हणजे कानडीत, लई वेगात होता काय?

आता आमच्या भागात माणूस गोंधळला की एकच शब्द बोलून मोकळा होतो. मी म्हणालो, "हौद्री." होय हो.

झालं! अभिजितनं माझ्याकडं नुसतं बघितलं. ते बघणं मला आजही आठवतं.

सकाळी उठतो तर तो व्हिडिओ सगळ्या शहापुरात फिरलेला. 'लाल गाडीचा उन्माद, व्यापारी थोडक्यात बचावला!' व्यापारी म्हणजे मी. माझं 'हौद्री' तीनदा दाखवलेलं, तिसऱ्यांदा सावकाश.

शिल्पा समोर येऊन उभी राहिली. "अण्णा, ह्यात त्याची गाडी पुढं हाय आणि तुझी मागं. मग त्यानं तुला ठोकलं कसं? रिव्हर्समध्ये भरधाव आलता?"

मी दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागलो.

"आज त्याच्या कारखान्यात त्याला खुलासा मागितलाय. तू तिथं काय करायलतास?"

मी फोन तिच्या हातात दिला. चौदा मिनिटांचं रेकॉर्डिंग. चित्रात एक लाल गाडी, डाव्या बाजूनं, शिस्तीत. आणि आवाज माझा: "चल की रं… पळीव की एकदा तरी… अरं, टेम्पो गेला की तुझ्या पुढनं, लाज वाटू दे!" शेवटी धाड्.

शिल्पानं ते सगळं ऐकलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "आता आवर आणि जा," एवढंच म्हणाली.

गेलो. आधी त्याच्या साहेबाकडं. साहेब चौदाच्या चौदा मिनिटं बघत बसला. मधे मधे माझ्याकडं बघायचा. खुलाशाची मागणी मागं घेतली. बाहेर अभिजित उभा होता. मी हात जोडले.

"तू एवढी हळू का चालवतोस रं?" राहवलं नाही म्हणून विचारलं.

"अण्णा, दुसरा कोण सत्तरनं गेला तर तो जायलाय. मी सत्तरनं गेलो तर मी उडायलोय. सगळे फोन काढूनच बसलेले असतात," तो म्हणाला. आणि वर, "तुमच्यासारखे."

तिथनं माइकवाल्याकडं गेलो. म्हटलं, चूक माझी आहे, दुरुस्ती दाखव. तो म्हणाला, "दाखवतो की! पण मथळा माझा." संध्याकाळी मथळा आला: 'भावी मेहुण्याचा बेफाम पाठलाग!' माझ्या व्हॅनभोवती लाल गोल. मागं सायरन. माल न्यायच्या व्हॅनला बेफाम म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर आठ दिवस निपाणीकडनं काही निरोप नाही. आई देवापुढं, शिल्पा खोलीत, मी दुकानात. नवव्या दिवशी अभिजितचे मामा आले. तंबाखूचे जुने व्यापारी, बोलणं मोजकं. आईनं चहा आणला. त्यांनी तो संपवला, कप खाली ठेवला.

"मुलगी आम्हाला पसंत हाय. घरबी पसंत. लग्न निपाणीत करूया. तुमच्याकडची माणसं कशीबी येऊ देत, आमचं काय म्हणणं न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तेवढं मुलीच्या भावानं मात्र बसनं यावं. आमच्या गावात लहान पोरं रस्त्यावर खेळत असतात."

बसनंच गेलो. संकेश्वरपर्यंत उभ्यानं.