चिठ्ठी मी टाकली होती

शेजारची पिठाची गिरणी चालू असतानाच तो तिला मारायचा. हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

इथे गुजरातेत, तरसालीत आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत रोज सकाळी स्वयंपाक होतो. जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांच्या घरी शेगडी पेटवायला कोणी नाही, त्यांना दुपारचा डबा आम्ही बायका पोचवतो. कोण कुठल्या धर्माचं हे विचारायचं नाही, असा पहिल्यापासूनचा नियम. माझ्याकडे सहा घरं होती. हे काम मी मागून घेतलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. भरलेला डबा ठेवायचा, कालचा रिकामा उचलायचा, आम्हा ख्रिस्ती लोकांत म्हणतात तसं सलाम म्हणायचं आणि पुढे जायचं. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. बायकांच्या सभेत प्रार्थनेची पाळी माझ्यावर आली की मी मान खाली घालून बसते आणि शेजारची बाई माझ्याऐवजी करते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिता येतं, आणि लिहायला मला आवडतं.

डब्यांवर तेलरंगाने आकडे घातले आहेत. पाच नंबरचा डबा तिचा.

ती खानदेशातली, तिशीच्या आतली. नवरा मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात रात्रपाळीला. तिचा डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. जिन्यावरून पडले, असं तिने सांगितलं. तिची खोली तळमजल्यावर होती आणि त्या ओळीत एकाही घराला जिना नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मी पोचले तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. भिंतीपलीकडे गिरणीची घरघर चालली होती. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. एका मुठीत तिचे केस, आणि तिचं डोकं लोखंडी कपाटावर आपटत होता. घाई नव्हती. खिळा ठोकावा तसं, एकेक. माझी सावली आत पडली तेव्हा त्याने वळून पाहिलं आणि केस सोडले.

"या मावशी. आज काय आणलं?"

माझ्या हातून डबा घेतला, झाकण काढलं, आत बघितलं आणि तिच्या तोंडावर फेकला. कड तिच्या भुवईवर बसली. गरम डाळ मानेवरून ओघळून मांडीशी प्लास्टरच्या आत गेली तशी ती किंचाळली. मला तिचं उघडलेलं तोंड दिसलं, आवाज गिरणीने खाल्ला.

"खा. चर्चचं खा. फुकटचं खा," तो म्हणाला.

मी खाली वाकून डबा उचलला, झाकण शोधलं. पाच नंबरच्या आकड्याखाली पोचा पडला होता. निघताना सवयीने तोंडातून सलाम गेला. त्याला. त्या दिवसातली ती एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

पुढे तो घरी नसला की ती बोलायची. मी ऐकायची.

"मावशी, जीभ आहे ना तुम्हाला? की ती पण कोणाच्या डब्यात घालून आलात?"

मी हसले.

"आज परत दुधी? तुमच्या देवाला सांगा, मार परवडला, पण दुधी आवरा."

"देव नाही, मोटीबेन ठरवतात," मी म्हटलं. मोटीबेन म्हणजे आमच्या स्वयंपाकखोलीच्या मुख्य बाई, गुजराती. त्यांना सगळे तसंच हाक मारतात.

"मग मोटीबेनना पाठवा इकडे चार दिवस."

एकदा तिने पाठ दाखवली. पट्ट्याचे वळ एकावर एक, काही काळे, काही पिवळे पडत आलेले, आणि मध्ये बक्कलची चौकोनी खूण, तीन ठिकाणी. "गिरणी थांबली की थांबतो," ती म्हणाली. "शेजारी ऐकतील ना. हुशार आहे. गिरणीला सुट्टी असते त्या दिवशी अगदी देवमाणूस. चहा करून देतो." पायावर त्याने लोखंडी पाना घातला होता. हेही तिने दुधीबद्दल बोलावं तसंच सांगितलं.

तिला एक भाऊ होता, दुसऱ्या गावी. नवऱ्याने त्याच्याशी बोलणं तोडलं होतं. नंतर भावाने घर बदललं, तो नवा पत्ता नवऱ्याला ठाऊक नव्हता, तिने मला सांगितला होता. बुधवारी प्लास्टर कापायचं होतं आणि दवाखान्यात आमची चर्चची रिक्षा तिला नेणार होती. नवरा येणार नव्हता, त्या वेळी तो झोपलेला असे. मोटीबेननी त्यांच्या फोनवरून भावाला कळवलं. तो दवाखान्यातच येईल आणि तिथून तिला घेऊन जाईल. हे तिला, मोटीबेनना आणि मला, तिघींनाच ठाऊक. तिने कपडे बांधून ठेवले नाहीत. त्याला दिसतील म्हणून. फक्त आईचा एक फोटो प्लास्टरच्या आत सरकवून ठेवला.

आता माझं सांगते.

आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. कोणाला प्रार्थना हवी असेल त्याने चिठ्ठी लिहून आत टाकायची. रविवारी पाळकसाहेब चिठ्ठ्या एकेक करून वाचतात आणि सगळी मंडळी आमेन म्हणते. नाव लिहायचं नाही. ज्यांना उभं राहून बोलता येत नाही त्यांच्यासाठी ती पेटी आहे, म्हणजे माझ्यासाठीच आहे, असं मला वाटायचं. सभेत नेहमी सांगतात, मोघम मागू नका, देवासमोर सगळं नीट उघड करा. मी नीट लिहिलं. तिचं नाव लिहिलं नाही. लिहिलं की, गिरणीशेजारच्या खोलीतल्या बहिणीला तिचा नवरा पट्ट्याने मारतो, बुधवारी प्लास्टर काढायच्या निमित्ताने ती भावाकडे निघून जाणार आहे, प्रभूने तिची वाट सुखरूप करावी. दोनदा वाचून पाहिलं, काना-मात्रा तपासली.

पाळकसाहेबांनी ते मोठ्याने वाचलं. खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. माझं वाक्य एवढ्या सगळ्यांनी ऐकलं, आणि एवढे सगळे आमेन म्हणाले. मग पुढच्या बाकावरून मोटीबेननी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

बाहेर चपला घालताना त्यांनी माझा दंड धरला. "तारी अक्कल क्यां गई? वार पण लिहिलास?"

"नाव नाही लिहिलं," मी म्हटलं.

"गिरणी लिहिलीस ना!"

आमच्या मंडळीतला एक भला माणूस त्याच कारखान्यात कामाला होता. वाईट मनाचा नव्हता. सोमवारी पाळी बदलताना त्याने तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, भाई, बायकोला असं जाऊ देऊ नकोस, तिला घेऊन रविवारी ये, आम्ही सगळ्यांनी तुमच्या घरासाठी प्रार्थना केली आहे. हे मला मागाहून कळलं.

मंगळवारी, बारा वाजायच्या सुमारास, मी गेले तेव्हा दार आतून बंद होतं. गिरणी चालू होती, बाहेर दळण घेऊन सात-आठ माणसं उभी होती. मी दाराला कान लावला. पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं. काहीतरी जड, ओल्या गोष्टीवर पडत होतं, थांबून थांबून, आणि दर वेळी दार माझ्या कानाखाली थोडं हलत होतं. दारालाच टेकवून मारत होता तिला.

मला ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. दारावर डबा आपटला. गिरणीच्या आवाजात तो मलाही नीट ऐकू आला नाही. रांगेतली एक बाई माझ्याकडे बघून तिचा डबा पुढे सरकवत होती.

मी डबा टाकला, त्या माणसांमधून गिरणीत घुसले. आत, दाराशेजारी भिंतीवर मोठा स्विच होता. मी दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला.

"अरे अरे, ए बाई!" गिरणीवाला धावला. पिठाने पांढरा झालेला. "वेडी झाली काय?"

गिरणीचा पट्टा फिरत फिरत मंदावला. घरघर बारीक झाली, आणखी बारीक झाली, थांबली. आणि मग सगळ्यांनी ऐकलं. त्याला कळायला थोडा उशीर झाला, म्हणून त्याचे दोन फटके आणि तिचा तो आवाज त्या शांततेत पडला. तो आवाज बाईचा वाटत नव्हता.

गिरणीवाल्याने मला बाजूला केलं आणि दाराला लाथ घातली. तिसऱ्या लाथेला कडी तुटली. दार पुरतं उघडेना, तिच्या अंगाला अडत होतं. आत प्लास्टरचे तुकडे पडले होते. तोच पाना त्याच्या हातात. प्लास्टर त्याने फोडलं होतं, आतला पाय परत मोडला होता, आणि फोटोचे दोन तुकडे तिच्याशेजारी पडले होते.

"माझी बायको आहे," तो म्हणाला.

गिरणीवाल्याने त्याच्या तोंडावर बुक्की मारली. मग रांगेतले पुरुष आत शिरले, त्याला फरफटत अंगणात आणलं, आणि लाथा, बुक्क्या, कोणाच्या हातात दळणाचा पत्र्याचा डबा. त्याचा ओठ फाटला, कानातून रक्त आलं. तो हात जोडत होता. मी उभी राहून बघत होते. थांबवा म्हणावं असं मला एकदाही वाटलं नाही. उलट कोणी दमून मागे सरला की मला राग येत होता. पुढच्या रविवारी पाळकसाहेब क्षमेवर बोलले तेव्हा मला हे आठवलं आणि मी मान खाली घातली, नेहमीसारखी.

रुग्णवाहिकेत मी तिच्याबरोबर बसले. एक डोळा सुजून बंद झाला होता. दुसऱ्याने ती माझ्याकडे बघत होती.

"मावशी, त्याला सांगितलं कोणी?"

मोटीबेननी मला रविवारीच बजावलं होतं, तिला काही बोलू नको. पण मी बोलले नसते तर दुसरं कोणी तरी बोललं असतं.

"मी," मी म्हटलं. "चर्चमध्ये चिठ्ठी टाकली."

तिने माझा हात धरला होता. तो सोडला.

दवाखान्यात तिच्या पायात सळई घातली. मी रोज डबा नेला. ती खायची, डबा परत द्यायची, बोलायची नाही. मोटीबेनना सांगून मी दुधी बंद करवली होती. ते तिच्या लक्षात आलं का, माहीत नाही. भाऊ तिला न्यायला आला त्या दिवशी तिने रिकामा डबा माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"उद्यापासून नको. आणि चिठ्ठीत माझं काही लिहू नका. बरी आहे असंही नका लिहू."

त्याला त्या दिवशी अंगणातून पोलिसांनी नेलं होतं, काही दिवसांनी तो जामिनावर सुटला. एका सकाळी आम्ही डबे भरत असताना स्वयंपाकखोलीच्या मागच्या दाराने आत आला. समोरचे दात गेलेले. सरळ माझ्याकडे आला आणि वेणी धरली.

"पत्ता सांग, म्हातारे. तुला सगळं लिहिता येतं ना? लिही."

त्याने माझं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. एक दाढ हलली, तोंड रक्ताने भरलं. "लिही!" परत आपटलं. भिंतीवर टांगलेली भाजीच्या हिशेबाची पेन्सिल काढून त्याने माझ्या हातात कोंबली. मी ती सोडून दिली. तेवढ्यात मोटीबेन मागून उकळत्या डाळीचा डाव भरून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आव, दीकरा. तुझं पण जेवण वाढते." डाव त्याच्या हातावर रिकामा केला. तो ओरडत पळाला आणि फाटकाशी आमच्या माणसांनी त्याला धरलं.

त्या दिवशी डबे अर्धा तास उशिरा गेले. माझी सहा घरं मी केली, तोंडात कापसाचा बोळा धरून. पाच नंबरचा डबा आता एका म्हाताऱ्या आजोबांकडे जातो. पेटीत मी त्यानंतर चिठ्ठी टाकलेली नाही. जे लिहायचं ते या वहीत लिहिते, आणि वही तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवते. तिच्या भावाचा पत्ता मला पाठ आहे. तो इथेही लिहीत नाही.