स्कोपमधली बुरशी

माणसाला नाद असावा, पण तो चारचौघींत सांगता येईल असा तरी असावा. शेजारणी विचारतात, "रविवारी हे कुठं असतात?" मी काय सांगू? धरणाच्या फुगवट्यावर चिखलात एक डोळा मिटून बसतात, असं सांगू?

आमचे प्रशांतराव आठवडाभर नेवाशात शाळेच्या पोरांची गाडी चालवतात. वस्त्यावस्त्यांवरून पोरं गोळा करायची आणि शाळा सुटली की परत सोडायची. आमची प्रज्ञाही त्याच गाडीत बसते. रविवारी मात्र पोरांच्या जागी स्कोप जातो. स्कोप म्हणजे तिपाईवर बसवायची एका डोळ्याची लांबलचक दुर्बीण. श्रीरामपूरच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना बांधावर चढवेना, म्हणून त्यांनी ती यांना देऊन टाकली. डोळा लावायच्या टोकाला हे आपला खिशातला छोटा कॅमेरा भिडवतात. मधे प्लॅस्टिकच्या पाईपचा तुकडा आणि सायकलच्या ट्यूबचं रबर, ही यांची स्वतःची अक्कल. हात हलू नये म्हणून कॅमेऱ्याला टायमर लावायचा आणि श्वास धरून बसायचं. मग पाण्यापलीकडचा ठिपका फोटोत चक्क बदक होऊन येतो. पट्टकादंब या पाहुण्या हंसाच्या डोक्यावरचे काळे पट्टे मी पहिल्यांदा बघितले ते असेच. मला आवडले. पण त्यांना सांगितलं नाही, डोक्यावर बसतील.

यंदा थंडीत एका रविवारी ते कुरकुरतच घरी आले. "काचंला बुरशी धरली. मधोमध डाग दिसतो."

पावसाळ्यात जुन्या काचांना बुरशी धरते हे खरंच. झालं. ओल निघावी म्हणून स्कोप तांदळाच्या डब्यात गेला आणि माझी भात करायची पंचाईत झाली. तिथून निघाला तो उन्हात. मग चष्म्याच्या दुकानातून बारके पेचकस आले, पलंगावर माझी जुनी ओढणी अंथरली गेली आणि स्कोप खोलला. काच पुसायची, फुंकायची, बसवायची, गच्चीवर जाऊन बघायचं आणि "हायच अजून" म्हणत खाली यायचं. मग पुन्हा खोलायचा. जेवणावरही लक्ष नाही. मी म्हटलं, "सवत आणली असती तरी एवढी पुसली नसती." एरवी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

पुढच्या रविवारी प्रज्ञाला धाकट्या दिराकडे, संदीप भाऊजींकडे ठेवलं आणि मी हट्टानं यांच्यासोबत गेले. बांधावर तिपाई लावली. लांब पाण्यात चक्रवाकांची जोडी होती. यांनी उजवा डोळा लावला, स्कोप जरा हलवला, पुन्हा लावला. मग कॅमेरा भिडवून फोटो काढला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. चोच, पंख, पाण्यातली सावली, सगळं स्वच्छ.

"अहो, डाग कुठाय?"

"कॅमेऱ्यात येत न्हाई तो. बारकी बुरशी फोटोत उतरत न्हाई."

"सरका." मी स्कोपला डोळा लावला. आतही सगळं लख्ख होतं.

डाग काचेत नव्हता तर कुठं होता, हे कळायला काही शिकावं लागत नाही. एरवी दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं सांभाळून घेत असणार. स्कोपवर उजवा एकटा पडत होता. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार. वळणावळणाला उसाचे ट्रॅक्टर, आणि मागच्या सीटवर मांडीवर दप्तरं घेतलेली लोकांची पोरं. त्यात माझी पोरगी.

"डाव्या डोळ्यानं बघा," मी म्हटलं.

"डाव्यानं मला जमत न्हाई."

"बघा तर खरं."

"जमत न्हाई म्हणलं ना, जयमाला!"

चक्रवाक उडाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, हा माणूस माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण भीतीच वाटली. त्यांनी स्कोप आवरला.

परतताना सगळा रस्ता यांच्याबरोबर मीही बघितला. समोरून मोटरसायकल आली की माझाच पाय खाली दाबला जायचा. यांना ती दिसली का, हे विचारायची हिंमत होत नव्हती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला कळत होतं. तरी तेवढा रस्ता मीही झाकूनच बसले होते.

दारात गाडी लावली, पण हे उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "बघितलंय मी डाव्यानं. पहिल्याच दिवशी बघितलं. लख्ख दिसतं."

"मग स्कोप कशाला खोलत बसला हुता?"

"वाटलं, एखाद्या टायमाला सापडंल बुरशी."

मला त्यांची कीव आली, आणि त्याच दमात संतापही. "आन् पोरं? पोरं बसत्यात की हितं! आपली प्रज्ञा बसती!"

"दोन्ही डोळ्यांनी दिसतं गं. लई सावकाश चालवत हुतो." मग त्यांचा आवाज खाली गेला. "गाडी सोडली तर मी कोन?"

मी नुसता हात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी त्यांनी किल्ली काढली आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातावर ठेवली.

सोमवारी पोरांना न्यायला संदीप भाऊजी गेले. आम्ही डोळ्याच्या डॉक्टरकडे जायला नगरची एसटी धरली. हे खिडकीशी बसले होते, बाहेर बघत. वाटेतलं वडाळा गाव गेलं तसे माझ्याकडे वळले. तळहातानं डावा डोळा झाकला आणि स्कोपवर बसतात तसे श्वास धरून माझ्याकडे बघत राहिले.

"कान दिसत्यात," म्हणाले. "कानातलं दिसतं. पदर दिसतो. तोंड न्हाई दिसत."

कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन जवळ आला होता, नाहीतर मी तिथंच रडले असते. मी त्यांचा हात धरला आणि डोळ्यावरून खाली ओढला.

"दोन्ही उघडा," म्हटलं, "आन् बघा माझ्याकडं."