हॉलचा कोपरा आणि हिरवं पाणी

आमच्या घरात माझं आणि पाण्याच्या टाकीचं हॉलच्या एका कोपऱ्यावरून भांडण होतं, आणि घरातली सगळी माणसं टाकीच्या बाजूची होती.

टाकी तेव्हा अजून विकतसुद्धा आणलेली नव्हती. तरी तिची बाजू भक्कम होती, कारण ती सलग दुष्काळाची वर्षं होती. आमचं संभाजीनगर मात्र चारी बाजूंनी वाढत सुटलं होतं. बीड बायपासच्या पलीकडं काल ज्वारी होती, तिथं आज ‘रिव्हर व्ह्यू’ नावाची इमारत उभी राहायची (रिव्हर कुठंय, हे बिल्डरलाही ठाऊक नसायचं!). शहर वाढलं, नळाचं पाणी होतं तेवढंच राहिलं. आमच्या गारखेड्यात नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही त्याच्या मनात आलं तर. त्यामुळं घरात जिथं माणूस उभा राहू शकेल तिथं पिंप उभं होतं. पाहुणे पिंपांना वळसा घालून सोफ्यापर्यंत पोचत आणि आधी पाणीच मागत. मोकळा राहिला होता फक्त खिडकीजवळचा कोपरा. तिथं प्लग होता, इंटरनेटची वायर होती, आणि त्याच्यावर माझा डोळा होता.

“त्या कोपऱ्यात मोठी काळी टाकी बसवू,” अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात उभी हयात कालव्यावर गेली. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: “हेडला कितीबी पाणी सोडा, टेलच्या माणसाला ते कधी पोचत नसतं.” हेड म्हणजे कालव्याचं तोंड, टेल म्हणजे त्याचं शेवटचं टोक. लग्नाची पंगत असो की पेन्शनची रांग असो, अण्णा हे वाक्य म्हणायचेच.

“कोपरा मला पाहिजे,” मी म्हणालो.

“कशाला?”

“गेम येणार आहे.”

मी वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर, चाळिशीला टेकलेला, डोक्यावर केसांपेक्षा जबाबदाऱ्या जास्त. आणि अशा माणसाचं हे उत्तर! माझी बायको मनीषा शाळेत शिकवते. मठ्ठ पोराकडं बघायची तिची एक ठरलेली नजर आहे, ती तिनं माझ्यावर वापरली.

आता त्या गेमचं सांगतो. कॉलेजात असताना माझा दोस्त शकील, मूळचा सिल्लोडचा, शहरात त्याच्या मामूच्या घरी राहायचा. मामू नोकरीला जेद्दाहला. एका सुट्टीत मामूनं तिकडून टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला. त्यात हेल्मेट घातलेला एक फौजी अंतराळात जाऊन चित्रविचित्र प्राण्यांना गोळ्या घालायचा आणि पृथ्वी वाचवायचा. दोघांनी मिळून खेळायचा गेम! टीव्हीचा वरचा अर्धा भाग शकीलचा, खालचा माझा. आम्ही परीक्षा बुडवल्या, पण पृथ्वी बुडू दिली नाही. एकामागून एक भाग संपवत शेवटच्या भागाच्या शेवटच्या लढाईपर्यंत आलो, आणि मामूची सुट्टी संपली. मामू डबा बॅगेत घालून जेद्दाहला निघून गेला. पृथ्वी अधांतरी राहिली. हसू नका, पण ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं. तो गेम फक्त त्या डब्यावरच चालायचा, साध्या कम्प्युटरवर नाही. आणि तसला डबा घेण्याची ऐपत येईपर्यंत लग्न झालं.

अशात एक दिवस कारखान्यात शकीलचा फोन. त्याचं आता शहरात कम्प्युटरचं दुकान होतं.

“विन्या! आ रा है रे!”

“कोण?”

“अपना फौजी! पीसी पे! पूरी की पूरी सीरीज! कंपनी ने बोल दिया!”

मी मशीनपाशी असा ओरडलो की सुपरवायझर प्रथमोपचाराची पेटी घेऊन पळत आला.

कंपनीनं तारीख मात्र दिली नव्हती. ‘लवकरच’ एवढंच म्हटलं होतं. मी हे घरी सांगितलं तेव्हा अण्णा पहिल्यांदा मनापासून हसले.

“लवकरच? अरे, हा शब्द मी जन्मभर शेतकऱ्यांना सांगितलाय. पाणी लवकरच सोडण्यात येईल! त्याचा अर्थ मला विचार की!”

“तसं नाय अण्णा, मोठी परदेशी कंपनी आहे.”

“कालवाबी मोठाच होता.”

आणि मग त्यांनी पैज लावली. “गुढीपाडव्यापर्यंत वाट बघू. पाडव्याला गुढी उभी राहायच्या आत तुझा गेम या कोपऱ्यात चालला, तर कोपरा तुझा. नाय चालला तर टाकी. कबूल?”

“कबूल!” मी म्हणालो. मनीषा म्हणाली, “अहो, तुम्ही दोघं मिळून एकदा स्वयंपाकघरात जागा करून दिली असती तर बरं झालं असतं.” तिच्याकडं आम्ही दोघांनीही दुर्लक्ष केलं. घरात आमचं एकमत होतं ते तेवढ्याच बाबतीत.

दिवाळी गेली. कंपनी म्हणाली, लवकरच. संक्रांत गेली. कंपनी म्हणाली, थोडं काम बाकी आहे. “सर्व्हे चालू असंल,” अण्णा तिळगूळ खात म्हणाले. मी मात्र तयारीला लागलो होतो. शकीलच्या दुकानात नवा कम्प्युटर जोडायला टाकला.

“देख मियां, अपने यहां की गर्मी में पंखे वाला नक्को,” शकील म्हणाला. “वॉटर कूलिंग डालते.”

“पाणी? कम्प्युटरात?”

“हौ! अंदर पानी घूमता, मशीन ठंडी रहती. बाहर के लोग ऐसाच करते.”

बाहेरचे लोक असंच करतात म्हटल्यावर माझा विरोध संपला. (बाहेरच्या लोकांना नळ रोज येतो, हे त्या क्षणी आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.)

कम्प्युटर घरी आला. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे, मधोमध काचेची एक उभी नळी आणि तिच्यातून फिरणारं हिरवंगार पाणी! शकीलनं ते पाणी खास परदेशी बाटलीतून ओतलं होतं. सगळं घर गोळा झालं. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“ह्याच्यात पाणी हाय?”

“हो आई. मशीन गार ठेवायला.”

“आपण माणसं अर्ध्या बादलीत आंघोळ करायलोत, अन् ह्या डब्याला पाणी?”

“दोन-तीन पेलेच लागतं गं.”

“दोन-तीन पेल्यात माझी कणीक भिजती!”

अण्णांना मात्र वेगळीच उत्सुकता. ते खुर्ची ओढून काचेपुढं बसले. “हेड कुठंय? पंप कुठंय? अन् कॉक? रिकामं कसं करायचं?”

जन्मात पहिल्यांदा अण्णा माझ्या कुठल्या गोष्टीत रस घेत होते. मला भरून आलं. मी उत्साहानं सगळं दाखवलं. “हा बघा खालचा कॉक. इथून पाणी निघतं. हे वरचं झाकण फिरवलं की इथून भरायचं. अगदी सोपंय, कुणालाही जमेल!”

“अम्मी, बीच बीच में बदलना पडता पानी,” शकीलनं भर घातली.

“बदलावंच लागणार,” आई म्हणाली. मी त्या वाक्याकडं लक्ष दिलं नाही.

आणि खरंच, पाडव्याच्या आदल्या दिवशी गेम आला! सकाळी वाळूजच्या बसला जायच्या आधी मी कम्प्युटर सुरू केला, डाउनलोड लावलं आणि अण्णांना स्क्रीनवरचा फौजी दाखवला.

“आला बघा!”

“आला, पण चालला कुठं?” अण्णा म्हणाले. “पाणी हेडला आलंय.”

“संध्याकाळी परत येतो तोवर चालतो की नाय बघा!”

दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. शकील बसस्टॉपवर घ्यायला आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. लग्नाला निघाल्यासारखे आम्ही घरी पोचलो. गल्लीत ओलं दिसलं, म्हणजे आमचा नळ येऊन गेला होता. घर धुऊन पुसून लख्ख, पिंपं काठोकाठ, आई प्रसन्न.

“कम्प्युटरला हात नाय ना लावला कुणी?” मी सहज विचारलं.

“नाय गं बाई, मी कशाला हात लावू? साफ तेवढा केला.”

आम्ही खुर्च्या ओढून बसलो. मागं अण्णा, पंच म्हणून. डाउनलोड अर्ध्यावरच थांबलेलं होतं. “लाईट गेली असंल,” मी म्हणालो आणि पुन्हा सुरू केलं. संपत आलं. काचेच्या नळीतलं पाणी आता हिरवं नव्हतं, पांढुरकं होतं, आणि त्यातून बारीक पांढरे कण तरंगत फिरत होते.

“मियां,” शकील हळूच म्हणाला, “ये बर्फ कहां से गिर रही?”

“दिव्यांचा इफेक्ट असेल,” मी म्हणालो.

“मैंने तो नहीं डाला ऐसा इफेक्ट.”

तेवढ्यात फौजीनं हेल्मेट उचललं, ओळखीचं संगीत वाजलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांचे हात धरले. कम्प्युटरच्या आतून गुड गुड असा आवाज आला. मग घुर्र असा. मग नळीच्या तोंडातून एक बारीक कारंजं उडालं, थेट शकीलच्या इस्त्रीच्या शर्टावर. स्क्रीन काळी झाली. दिवे विझले. फौजी गेला.

“आई!” मी ओरडलो.

“काय झालं रे?”

“ह्या नळीला झाकण का नाय? हे फडकं कसलंय?”

“तुझ्या बनियनचं हाय. नळाला बांधतो की आपण, गाळ येऊ नये म्हणून. त्या झाकणाला जाळीच नव्हती.”

“अन् आतलं पाणी?”

“बदललं! कवाचं शिळं पाणी ते! शेवाळ धरून हिरवंगार झालं होतं, बघवत नव्हतं. उद्या पाडवा, नवीन वर्ष लागायलंय, घरात शिळं पाणी ठेवत असतेत का? सगळी पिंपं बदलली, ह्याचंबी बदललं. आधी मेन स्विच बंद केलं बरं का, तेवढी अक्कल हाय मला! तूच दाखवलंस ना कॉक कुठंय ते?”

खरं होतं. मीच दाखवला होता.

“अम्मी,” शकीलनं शर्ट पिळत विचारलं, “वो सफेद सफेद क्या डाले उसमें?”

“तुरटी! आज नळाला गढूळ आलं ना. पिंपात फिरवली, तशी ह्याच्यातबी थोडी टाकली. त्याचा पंप खराब होऊ नये म्हणून!”

शकील भिंतीला टेकून खाली बसला.

“और हरा वाला? फेंक दिया?”

“फेकते कशाला दुष्काळात?” आई दुखावली. “संडासच्या बादलीत ओतलं.”

मागून अण्णा एकदम म्हणाले, “तरीच! मी म्हटलं आज बादलीतलं पाणी एवढं हिरवं कसं. डॉक्टरकडं जाणार होतो मी!”

मनीषा तोंडाला पदर लावून आत पळाली. तिचं हसणं आतून बराच वेळ ऐकू येत होतं. मी मात्र त्या काळ्या स्क्रीनपुढं बसून राहिलो. इतकी वर्षं वाट बघितली होती, आणि ओळखीचं संगीत वाजल्यावर असं व्हावं! मला खरंच रडू येत होतं. आईच्या ते लक्षात आलं असावं. तिनं माझ्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. ताजं होतं.

पाडव्याला गुढी उभी राहिली आणि तिच्या पाठोपाठ काळी टाकी आत आली. मी स्वतः एका बाजूनं धरून ती आत घेतली. दुपारी श्रीखंड खायला शकील आला, येताना दुकानातून पेन ड्राइव्ह घेऊन.

“भाभी, आपका लॅपटॉप देना जरा.”

मनीषाचा लॅपटॉप शाळेचे निकाल लावायचा. जुना, साधा, पंखेवाला. शकीलनं काहीतरी घातलं, बटणं दाबली, आणि तो फौजी हेल्मेट घालून हजर!

“शकील, हा गेम ह्याच्यावर चालतो?”

“अरे बीस साल पुराना गेम है मियां, किसपे भी चलता,” तो श्रीखंड चाटत म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यानं वाटी खाली ठेवली.

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळं तो प्लगला चिकटूनच चालायचा. मोकळा प्लग एकच, कोपऱ्यातला. कोपऱ्यात आता टाकी. म्हणून लॅपटॉप टाकीच्या झाकणावर ठेवला. अण्णांनी चष्मा लावून पाहणी केली आणि निकाल दिला, “गेम कोपऱ्यात चालतोय. कोपरा टाकीचाय. दोघंबी जिंकलो!”

तेव्हापासून मी टाकीपुढं उभा राहून खेळतो. शेवटच्या लढाईपर्यंत आम्ही किती वेळा पोचलो याला गणती नाही. शकील त्याच्या दुकानात बसून इंटरनेटवरून माझ्याबरोबर खेळतो आणि ओरडत असतो, “विन्या, कवर दे, कवर दे!” आणि नेमकी तेव्हा आई हंडा घेऊन येते. “उचल ते. पाणी घ्यायचंय.” मी लॅपटॉप उचलून छातीशी धरतो, झाकण उघडतो, आणि तेवढ्यात फौजी मरतो. पृथ्वी अजून अधांतरीच आहे.

राहता राहिला तो परदेशी पंप. अण्णांनी तुरटी धुऊन तो मोकळा केला, त्याला जुना चार्जर जोडला आणि आमच्या डेझर्ट कूलरमध्ये बसवला. झकास चालतो. उन्हाळ्यात आई, अण्णा आणि मनीषा कूलरपुढं बसून मालिका बघतात. त्या हवेची झुळूक माझ्या कोपऱ्यापर्यंत येत नाही, मध्ये पिंपं आडवी येतात. मी एकदा तशी तक्रार केली होती.

“लवकरच पोचंल,” अण्णा म्हणाले.